वृद्धेचे पासिंग

सक्करदरा, नागपूर
५ जानेवारी २०२६

चि. सौ. गोपिकेस,
चंपतदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवरचे बोलणे हवेत विरते, पत्र मात्र पुन्हा पुन्हा वाचून घेता येते, हा तुझ्या सासूबाईंचा दंडक शिरोधार्य मानून मी लेखणी उचलली आहे. येथे सर्व क्षेम. तुझी वहिनी माझ्या आहारातील मिठावर पूर्वीच्याच कठोरतेने राज्य करीत आहे.

विषय गंभीर आहे. तुमच्या अंगणातील त्या चतुश्चक्रा वृद्धेची मुदत या मासाअखेर संपते. तिची शारीरिक पात्रता परिवहन-अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावी लागेल आणि त्या परीक्षेचे शासकीय शुल्क नुकतेच वाढले आहे. जितके वय अधिक, तितके शुल्क अधिक. आपली वृद्धा तर सर्वोच्च श्रेणीत विराजमान आहे.

आता तिची अवस्था निःपक्षपातीपणे पाहू. नेत्र मंदावले आहेत. प्रातःकाळी खोकल्याशिवाय ती जागी होत नाही. चढ आला की धाप लागते. जिथे विसावेल तिथे तेल सांडते. इतका द्रव्यव्यय करून तिला आणखी पाच वर्षे पोसण्यापेक्षा सन्मानपूर्वक निरोप द्यावा, असे माझे नम्र परंतु अचूक मत आहे. माझे स्नेही ताराचंद अशा जीर्ण देहांचे यथोचित विसर्जन करतात. ते स्वतः मौद्यास येऊन तिला उचलून नेतील. तिचे अवयव कोणाच्या तरी उपयोगी पडतील, हे पुण्य निराळेच.

महादेवरावांस हे हळुवारपणे सांग. त्यांचा तिच्यावर जीव आहे. आईंस साष्टांग नमस्कार. स्नेहाची टाकी रिकामी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
चंपतराव

मौदा
१२ जानेवारी २०२६

ती. चंपतदादास,
गोपिकेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. कसे पोचले, ते वाचा.

मी प्रशिक्षणासाठी भंडाऱ्याला गेले होते आणि हे शेतावर. आईंना धीर निघाला नाही, म्हणून त्यांनी शेजारच्या रुपरावांकडून पत्र वाचून घेतले. रुपराव वाचनालयाचे जुने सभासद, त्यामुळे त्यांनी ते आवाज चढवून-उतरवून वाचले. ‘चतुश्चक्रा’ म्हणजे काय ते त्यांना कळले नाही. काही तरी आदराचे विशेषण असेल, असे समजून ते पुढे गेले. ‘अवयव कोणाच्या उपयोगी’ येथे थांबून त्यांनी चष्मा पुसला.

दादा, तुमची वृद्धा म्हणजे आमची जीप, हे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नाही.

मी शनिवारी परतले, तर आईंनी पिशवी भरून ठेवलेली. ह्यांना त्यांनी अगदी शांतपणे विचारले की, ताराचंद आजच येते का तिळगूळ झाल्यावर येते. मग त्या म्हणाल्या की, डोळ्याले कमी दिसते हे खरं हाय, खोकला बी हाय, चढावर दम लागते तेही कबूल. पण मी तेल कुठं सांडलं, ते चंपतरावानं दाखवून द्यावं. सगळ्यात जास्त त्यांना ते तेलच लागले आहे.

मी पोट धरून हसले, ही माझी चूक. आता त्या म्हणतात की, सून सारवासारव करून राहिली. पत्र हाती घेऊन मी समजावू लागले, तर म्हणाल्या की, तू मास्तरीण आहेस, तू कागदावर नसलेलंही वाचशील. ह्यांनी जीपपाशी नेऊन दाखवले तरी पटेना. रविवारी त्या तुमसरला लेकीकडे जाणार आहेत आणि परत येण्याचे नाव काढत नाहीत. हे दोन दिवस धड जेवलेले नाहीत.

तुम्हीच लिहा, आणि रुपरावांनाच वाचता येईल असे लिहा. आईंना संस्कृत नको, खरे हवे आहे. वहिनींना नमस्कार. रागावले आहे, तरी माया कमी झालेली नाही.

तुमची,
गोपिका

सक्करदरा, नागपूर
१५ जानेवारी २०२६

ती. पार्वतीबाई आईंस,
चंपतरावचा साष्टांग नमस्कार.

रुपराव, हे सावकाश वाचा.

आई, मी जीपबद्दल लिहिले होते. तुमच्या अंगणातल्या जीपबद्दल. सरकारने जुन्या गाड्यांच्या पासिंगची फी वाढवली आहे. गाडी जितकी जुनी, तितकी फी जास्त. माणसांना अशी फी नाही. ताराचंद जुन्या गाड्या मोडतो. तेल जीपचे सांडते.

मला साधे लिहिता येत नाही असे नाही. साधे लिहिले की मनातले दिसते, म्हणून मी मोठे शब्द पुढे करतो.

चार वर्षांपूर्वी तुमच्याच ओट्यावर माझ्या छातीत कळ आली. महादेवरावांनी त्याच जीपमधून मला नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेले. माझे डोके तुमच्या मांडीवर होते. तुम्ही मला झोपू दिले नाही. सगळ्या रस्त्याने तुम्ही मला माझ्याच नातेवाइकांची नावे विचारत होता, आणि चुकलो की रागावत होता. डॉक्टर नंतर म्हणाले की, वेळेत आणले. त्याचे आभार मी आजवर मानले नाहीत, कारण त्याला पुरेल असा मोठा शब्द मला सापडला नाही.

त्याच जीपला मी मोडीत काढा म्हणालो. आता म्हणत नाही. यंदाची फी मी भरणार. महादेवरावांनी नको म्हणू नये.

रविवारी सकाळी मी येतो. आई, तुम्ही घरी असा. एवढेच मागतो.

तुमचा,
चंपतराव

मौदा
३० जानेवारी २०२६

चंपतराव यास पार्वतीबाईचा आशीर्वाद.
(मी सांगून राहिली, रुपराव लिहून राहिला.)

त्या रविवारी तू आला, जेवला, पाया पडला. पिशवी मी तुह्यासमोरच रिकामी केली. तुह्यासाठी वांग्याच्या भाजीत मीठ कमी घातलं होतं, तुले समजलं नसंल.

काल जीप पासिंगले नेली. मीबी गेली. तिथल्या साहेबानं मले खाली उतराले सांगितलं. मी म्हटलं की, बाबा, मलेबी तपासून घे, आमच्या पावण्याच्या हिशोबानं मी बी त्यातच येते. तो लय हसला. मले खुर्ची देली, चहा देला. माणूस चांगला होता. पहिल्या खेपेले त्यानं जीप वापस केली. महादेवनं तिथंच बाजूले दुरुस्त करून आणली, मंग सांजेले पास केली. पाच वर्सं आता काही कटकट नाही. तुह्यामुळं झालं. महादेवचं तोंड उजळलं.

आभार-बिभार मनात ठेवू नको. त्या दिवशी तू सगळी नावं सांगत गेला, फक्त माह्यं नाव विसरला होता. म्हणून रागावली होती.

पत्र लिहित जा गा. पहिल्यासारखंच जड लिह्य, साध्या पत्रानं रुपरावले करमत नाही. फक्त कोणाबद्दल हाय, ते वरतीच टाकत जा.

आन पहिल्या खेपेले वापस केली तवा साहेबानं कागदावर लिहून देलं हाय की, तेल जीपचंच गळते. तो कागद मी देवापाशी ठेवला.

पार्वतीबाई