चार हजार उजवे डोळे

ल्युब्लियाना, १४ ऑक्टोबर
(खिडकीजवळ, चांगल्या उजेडात)

तीर्थस्वरूप मिंकामावशीला,

लोयझेचा साष्टांग नमस्कार. (दर वेळी नुसता लिहितो, या वेळी खरोखर घातला आहे. प्रयोगशाळेच्या फरशीवर, यंत्राखाली घरंगळलेला एक स्क्रू शोधताना. पण डोकं तुझ्या गावाच्या दिशेला होतं, तेव्हा धरून चाल.) तुझा गुडघा काय म्हणतो? अक्रोड उतरवले का? कोंबड्या अंडी देतायत की अजून रुसलेल्याच आहेत? ही सगळी चौकशी मी आधीच्या दोन पत्रांतही केली होती, पण ती दोन्ही तू न फोडता परत पाठवलीस. दुसऱ्या पाकिटावर पोस्टमनच्या हातचं लिहिलेलं होतं: "मला काही दिसत नाही असं डॉक्टर सांगून गेलेत, मग मी वाचू कशी?" अक्षर पोस्टमनचं, टोमणा तुझा. म्हणून हे पत्र दोऱ्याच्या पुडक्यात लपवून पाठवतो आहे. भाच्याला तू परत पाठवशील, पांढरा दोरा परत पाठवणार नाहीस, एवढं तुला मी ओळखतो.

अक्षर नेहमीपेक्षा बारीक आहे. त्याचं कारण शेवटी सांगेन. आधी माझी बाजू एकदा ऐक, मग हवं तर पुन्हा दार लाव.

हा सगळा उद्योग मी तुझ्यामुळे धरला, हे तुला कधी सांगितलं होतं का? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. तू मला तुझ्या घरी आणलंस आणि शेजारच्या उर्शाकाकूने कुंपणावरून ऐकवलं, "दुसऱ्याचं पोर ते दुसऱ्याचंच गं, मिंका. बघ तरी, सगळा बापावर गेलाय." तू चुलीवर दूध ठेवलंस. त्या हिवाळ्यात मी शाळा चुकवून दिवस दिवस तुझ्या लेसच्या उशीसमोर स्टुलावर बसून असायचो. (मी पोट दुखतंय म्हणायचो, ते खोटं आहे हे तू ओळखायचीस आणि तरी बसू द्यायचीस. हे आज लिहून टाकतो.) उशीवर टाचण्यांचं रान, त्यांच्याभोवती दोरे, आणि तुझ्या बोटांत लाकडी कांड्यांचा खडखडाट. मध्येच तू मान वर करायचीस, खिडकीतून समोरच्या डोंगराच्या वाटेकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "याकोब उतरतोय. आजही पिऊनच आलाय मेला, वाट सोडून चाललाय." आणि त्याच श्वासात पुन्हा टाचणी. डोंगर, टाचणी, डोंगर, टाचणी. मी आ वासून बघत राहायचो. हिच्या डोळ्यांत असं हलतं तरी काय, की आत्ता कोसावरचा याकोब आणि लगेच केसाएवढा दोरा?

त्या एका प्रश्नावर मी एकतीस वर्षं काढली. लोक लग्नं करतात, घरं बांधतात, मी डोळ्यातलं भिंग किती फुगतं ते मोजत बसलो. जवळ बघायचं तर ते फुगतं, लांब बघायचं तर चपटं होतं. वय वाढलं की ताठर होत जातं आणि पन्नाशी ओलांडली की फुगणं जवळजवळ बंद. मग बिशप असो की बसचा ड्रायव्हर, प्रत्येकाच्या नाकावर चाळिशी. हे एवढं सांगायला मी सत्तावीस निबंध लिहिले, दोनदा बढती हुकवली आणि सहा देशांतल्या परिषदांमध्ये थंड कॉफी प्यायलो. आणि तू? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चष्मा न लावता, रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचतेस आणि मग टाचण्या लावायला बसतेस. माझे सत्तावीस निबंध एका पारड्यात आणि तू दुसऱ्यात. मला स्वस्थ बसवेल कसं?

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आम्ही फक्त उजवा डोळा मोजतो. माणसाचे दोन डोळे म्हणजे सख्खे भाऊ, दोघांची साक्ष काढली तर तीच गोष्ट दोनदा ऐकायची, म्हणून एकच घ्यावा असं कोणीतरी मागे ठरवलं. मग उजवाच का? तर आमची खुर्ची उजवीकडे सरकते म्हणून. (ती डावीकडे का सरकत नाही? कारण डावीकडे नळ आहे.) तर त्या नळाच्या कृपेने मी आजवर चार हजार तीनशे बारा उजवे डोळे मोजले. डाव्यावर काळी पट्टी. त्या यादीत पहिला डोळा माझाच, कारण यंत्राला आधी स्वतःचा डोळा दाखवायचा, मग दुसऱ्याचा मागायचा, अशी आमच्यात पद्धत आहे. दर वर्षी एकदा मोजतो. तेविसाव्या वर्षापासून त्यातल्या भिंगाच्या फुगण्याचा आकडा इमानेइतबारे उतरत आला आणि आता शून्यावर टेकला, निबंधांत लिहिलंय अगदी तसा. त्याचा आलेख मी चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. (मला स्वतःला मात्र अजून चाळिशी लागलेली नाही. खानावळीत बाकीचे प्राध्यापक मेनू हातभर लांब धरून डोळे किलकिले करतात, मी सरळ वाचून मागवतो. याचं श्रेय मी चांगल्या उजेडाला आणि वेळेवर झोपण्याला देत आलो.)

तर आठ सप्टेंबर, तुझ्या नावाचा सण, वाढदिवसाहून मोठा. नवं यंत्र मी गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं. तुझ्यासाठी घेतलेली वाइन ल्युब्लियानातच विसरलो, शकुन तिथेच ओळखायला हवा होता. टेबलाभोवती अर्धा गाव, मधोमध बटाटा भरून उकडलेल्या झ्लिक्रोफीची परात, अक्रोड भरून गुंडाळलेली गोड पोतित्सा, आणि मानाच्या जागी लेसशाळेच्या मुख्याध्यापिका रोझालियाबाई, ज्यांच्या शाळेत दर गुरुवारी चार वाजता तू लहान मुलींना कांड्या धरायला शिकवतेस. मी यंत्र मांडलं तेव्हा तू आधी म्हणालीस, "माझा डोळा मला अठ्ठ्याहत्तर वर्षं कळतोय. तू खा, गार होतंय." पण मग तूच एप्रन सोडून समोर बसलीस आणि सगळ्यांना म्हणालीस, "बघा हं, आमच्या लोयझेचं यंत्र आहे." हे वाक्य मला गेले पाच आठवडे छळतं आहे.

हनुवटी टेकवली, डाव्यावर पट्टी, उजवा यंत्रातल्या चांदणीच्या खुणेवर. आकडा आला शून्य. चक्क शून्य! मी मनातल्या मनात नाचलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मी पट्टी तशीच ठेवून निधनवार्तांचं पान तुझ्या हातात दिलं. तू ते जवळ नेलंस, लांब नेलंस, तिरकं धरलंस, आणि म्हणालीस, "छपाई बिघडलीय मेल्यांची." कोणीतरी हसलं. आणि मी, दोन ग्लास पोटात, उचलली जीभ लावली टाळ्याला. भर पंगतीत भाषण ठोकलं, की मावशीला जवळचं काहीही दिसत नाही, दिसू शकतच नाही, ती विणते ती हाताच्या सवयीने, आणि निधनवार्ता वाचते म्हणजे कोण गेलं ते आधीच कानावर आलेलं असतं. तू पट्टी ओरबाडून झ्लिक्रोफीच्या परातीत टाकलीस आणि स्वयंपाकघरात गेलीस, ती बाहेर आलीच नाहीस. मला वाटलं, रागाने गेलीस. परत निघताना खिडकीतून दिसलं, तू एप्रन तोंडाला लावून बसली होतीस. मी आत यायला हवं होतं. मी यंत्राचा पट्टा नीट बांधला आणि निघालो.

पुढचं मला पोस्टमनकडूनच कळलं. रोझालियाबाईंनी तुझा गुरुवारचा वर्ग काढून घेतला. तू म्हणालीस, मला दिसतं. त्या म्हणाल्या, डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणा. तू म्हणालीस, सत्तर वर्षं लेस विणतेय, हातच्या कांकणाला आरसा कशाला, मी आता कुठल्याही यंत्रापुढे हनुवटी टेकवणार नाही. त्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "अहो, डॉक्टर तर तुमचाच भाचा, त्यानेच सांगितलं ना." मी त्यांना लगेच पत्र पाठवलं, की माझा अंदाज चुकला असावा. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: आता तुम्ही मावशीची बाजू घेणारच, पण पहिलं बोलणं शास्त्राचं होतं. म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा शास्त्रज्ञ आणि खरं बोलतो तेव्हा भाचा.

आता नेझाबाईंबद्दल. त्या आमच्याकडे यंत्रं सांभाळतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतील, आणि मी नोकरीला लागलो तेव्हाही त्या अशाच गळ्यात साखळीचा चष्मा अडकवून बसलेल्या होत्या. तुझा आकडा वहीत उतरवताना त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मावशीला दिसत नाही म्हणता, मग मुलींच्या चुकलेल्या गाठी त्या कशा पकडतात?" मी म्हटलं, हाताने. "आणि निधनवार्ता? त्याही चाचपून?" मग त्याच म्हणाल्या, "आणि डावा?" मी त्यांना उजव्या डोळ्याच्या प्रथेवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी चष्म्याची काच पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे नळामुळे. असंच ना?"

मावशी, मी त्या दिवशी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. तुझा डावा डोळा मी पाहिलेलाच नाही. समज, तो जन्मापासून जवळचा असेल, हातभर अंतरावर नेमका लागणारा, आणि उजवा लांबचा. असे लोक असतात, आणि एक डोळा मुद्दाम कोणी झाकेपर्यंत त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. मग भिंग फुगायची गरज काय? उजव्याने याकोब बघायचा, डाव्याने टाचणी. डोंगर, टाचणी, डोंगर, टाचणी, आणि तुझ्या डोळ्यांत हलतं काय, याचं उत्तर असं, की फारसं काहीच नाही! जिला बघून मला आयुष्यभराचा प्रश्न पडला, नेमकी ती एकटीच बाई अशी जिला माझं उत्तर लागू नाही. आधी मला रडू आलं, मग हसू आलं, आणि मग, काय सांगू, लहानपणी त्या स्टुलावर वाटायचं ना, तसं वाटलं. उठून बघावंसं वाटलं.

मी चुकलो, मावशी. यंत्र चुकलं नाही, त्याने विचारलं तेवढंच सांगितलं. विचारणारा मीच अर्धवट. मला तुझ्याकडून काहीही नको, फक्त क्षमा कर.

तुझा,
लोयझे

ता. क. काहीही नको हे अगदीच खरं नाही. अक्षर बारीक का, ते आता सांगतो. इथपर्यंत चष्म्याशिवाय आलीस ना? मग तळहाताने उजवा डोळा झाक आणि ही ओळ वाच: लोयझे गाढव आहे. आता डावा झाक आणि तीच ओळ पुन्हा वाच. नाही ना दिसत? (दिसली तर ताबडतोब कळव, सत्तावीस निबंध जाळायला वेळ लागेल.) हाच प्रयोग येत्या गुरुवारी चार वाजता शाळेत, रोझालियाबाई आणि सगळ्या मुलींसमोर करायचा. ओळ मोठ्याने वाचायची. हनुवटी कुठेही टेकवायची नाही. मी येतोच आहे, गाढव हजर असलेलं बरं.

ता. क. २. त्या दिवशी यंत्र माझ्या गाडीत असेल, निव्वळ योगायोगाने. वर्ग सुटल्यावर तुझी मर्जी असेल तरच. निबंधात नाव येणार नाही. मी इकडे नळ काढून भिंतीच्या पलीकडे बसवून घेतला आहे.

ता. क. ३. हे लिहू की नको असं झालं होतं. काल खानावळीत मी मेनू वाचत असताना नेझाबाई मागून आल्या आणि त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मेनू गेला. सूपसुद्धा गेलं, नुसता धुरकट कागद राहिला. त्यांनी हात काढला, सूप परत आलं. एकतीस वर्षं, चार हजार तीनशे बारा डोळे, आणि नाकाच्या पलीकडच्या स्वतःच्याच डोळ्याला मी कधी विचारलं नाही! आज सकाळी मी तो मोजला. हातभर अंतरावर नेमका लागतो. आईचे दोन्ही डोळे सारखेच होते, तिला जाड चष्मा होता, बाबांनाही होता, तेव्हा हा त्यांच्यापैकी कोणाचाच नाही. उर्शाकाकू आता नाही, नाहीतर पोर कोणावर गेलंय ते कुंपणावरून मीच तिला ओरडून सांगितलं असतं. आकड्याचा कागद सोबत ठेवला आहे. छपाई फार बारीक आहे, पण तुला वाचता येईल.