डुकरांसाठी उसनी रायफल

लानो नदीकाठ, टेक्सस
शुक्रवार, १२ ऑक्टोबर

प्रिय अर्लीन,

रानडुकरांनी ज्यांची ज्यांची जमीन उकरली, त्या आपणा सगळ्यांची तक्रार एकच: शहर आपल्याला न विचारता आपल्याविषयी ठरवतं. 'आपणा' म्हटलं, कारण तुझी पेकनची बागही गेली, असं शेजारच्या रूबेननं सांगितलं. आमच्यासारख्या रायफलींवर बंदी आणायच्या अर्जावर तू सही केलीस, त्यावरून आपण वर्षभर अबोला धरला. असो. गुडघा कसा आहे? मुलं?

मंगळवारी त्या बंदीवरच्या सभेत मी पुन्हा कडाडले. ऑस्टिनचे एक गृहस्थ म्हणाले, "बाई, ही युद्धातली रायफल!" म्हटलं, "काळा रंग बघूनच घाबरलात की हो! चाप ओढला की गोळी एकच सुटते. पण तीस डुकरं ओटच्या पिकात शिरली, की पहिलं पडताच बाकीची उधळतात. तेव्हा हलकी, खांद्याला धक्का न देणारी, लगेच पुन्हा झाडता येणारी हीच लागते. तुम्ही काय करता, व्याख्यान देता त्यांना?" सभा खदाखदा हसली. त्यातला शब्दही मी मागे घेत नाही.

घरी आले तर डुकरं भर दुपारी ओटात लोळत होती, आणि माझा नवरा एवाल्ड व्हरांड्यात आमची तसलीच रायफल पुसत बसला होता.

वसंतात त्याच्या भावाला पुरलं, तेव्हापासून त्यानं एकही डुक्कर मारलेलं नाही. पुसतो मात्र रोज.

"कोणासाठी पुसतोयस?"

"तुला काय करायचंय? जा, भाषण कर."

मी हसण्यावारी नेलं. काल नाश्त्याला म्हणाला, "मी नसलो तरी तुझं काही अडायचं नाही, विल्मा." तेव्हा मला हसता आलं नाही.

बाकीच्या बंदुका मी गुपचूप रूबेनकडे पोचवल्या. ही तो उशाशी घेऊन झोपतो. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. तोवर ही घरात नको.

हिसकावली, तर ते त्याच्या तोंडात मारल्यासारखं होईल. पण डुकरं आलीत म्हणून कोणी उसनी मागितली, तर इथं नाही कोण म्हणतो? त्यातून तू मागतेस म्हटल्यावर तो आधी टोमणा मारेल, "काय मास्तरीणबाई, आली का अक्कल?" मारू दे. ऐकून घे. त्याला बोलावंसं वाटलं, तरी मला पुरे.

फोनवर बोलले तर त्याला ऐकू जाईल, म्हणून हे रूबेनच्या हाती देते आहे. वाद आपण नंतर घालू. माझी मतं कुठं पळून जात नाहीत. उद्या सकाळीच ये. दारातून म्हण, "भावजी, डुकरांनी बाग उकरली, रायफल द्या." आणि घेऊन जा.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
विल्मा