मधली वाटी

३ मार्च

रिपोर्ट आला. हेपॅटायटिस बी. जुना, लिव्हरमध्ये मुरलेला. मला! साधी कावीळ कधी झाली नाही मला!

जेवताना मासळीच्या सॉसची वाटी मध्ये एकच असते, सगळे तिच्यातच बुडवून खातात. आज मी माझी वेगळी वाटी घेऊन चुलीपाशी बसले. बोंग विचारत होती, "आई, रुसलीस?" नवरा, ख्येम, मान खाली घालून भात चिवडत राहिला.

१० मार्च

दवाखान्यातल्या म्येनताई नर्सच आहेत, पण सुई टोचत नाहीत, नुसतं बोलतं करतात. वेडी समजतात की काय! गोळ्या घेतेस का, झोप लागते का, असं विचारता विचारता रडवलंच मला. म्हणाल्या, "अगं, एकत्र जेवून हा आजार पसरत नाही. लेकीला जन्मताच लस दिलीय ना? मग जेव की तिच्याबरोबर!"

बोलायला त्यांचं काय जातं. माझा हातच पुढे होत नाही.

१७ मार्च

आज त्यांनी सहज विचारलं, "वाटी वेगळी करायला शिकवलं कुणी तुला?"

"कुणी नाही. आमची आई अशीच चुलीपाशी जेवायची" — बोलले आणि थिजलेच. बाबा लिव्हरनं गेले तेव्हापासून! आम्हाला सांगायची, "मला तो सॉस सोसत नाही."

म्हणजे तिलाही हा आजार होता, आणि तिला माहीत होतं! तिच्याकडूनच आलं मला, आणि ती गप्प बसली!

१८ मार्च

फोनवर आईला वाट्टेल ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला होऊ नये म्हणूनच ना गं."

२४ मार्च

आईला गावाहून आणलं. येतानाही आपली वाटी फडक्यात बांधून घेतलेली! म्येनताईंनी तिचं रक्त तपासायला घ्यायला लावलं. "मावशी, याआधी कधी तपासलं होतं?"

"छे! नणंद म्हणाली, नवऱ्याला हा आजार होता म्हणजे तुलाही असणारच."

एवढी वर्षं नुसत्या त्या शब्दावर!

२७ मार्च

आईच्या रक्तात काही नाही. काही म्हणजे काहीच नाही!

मग मला कुठून आलं? "ते आता कळायचं नाही," म्येनताई म्हणाल्या.

घरी मी मध्ये एकच वाटी ठेवली. बोंगला शेजारी घेऊन बसले. आई आपली वाटी हातात धरून उभीच.

"मग ही आता कुठे ठेवू गं?"