कुडपणचा पंचनामा

महाड,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. शरदमामांस,
वैदेहीचा नमस्कार.

धवलदादाच्या हाती पाठवलेलं कुळथाचं पीठ मिळालं. मामीला सांगा, पिठलं जमलं, गुठळ्या दोनच झाल्या. मी बरी आहे. ऑफिसात काम भरपूर, त्यातलं माझं असं फार थोडं. बाररूममध्ये नव्या कायद्यावरून रोज खडाजंगी चालते. झडती आणि जप्तीचं आता मोबाईलवर चित्रीकरण करायचं, हे तुम्हीही वाचलं असेल. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "आमच्या डोंगरात रेंज कुठाय?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग चहा अर्धाच ठेवून उठले.

मामा, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. साक्षीदाराने साक्षीदाराला लिहू नये, एवढं मला कळतं. पण गुरुवारी तुम्ही फोन करून मंगळवारी मी काय सांगायचं ते पढवलंत. "कोयता माझ्यासमोर जप्त झाला, एवढंच म्हण आणि उतर खाली." त्याचं उत्तर द्यायला हवं.

तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. डिसेंबरात प्रयागबाई आमच्या ऑफिसात आल्या होत्या, आरोपी रितेशची आई. कुडपणहून पहाटे निघून, पोलादपूरला गाडी बदलून. माझ्या सीनियर प्रियदर्शिनी मॅडम कोर्टात होत्या, म्हणून प्रयागबाई माझ्यासमोर बसल्या. पिशवीतून दोषारोपपत्राची प्रत काढून म्हणाल्या, "बाय, तू तरी वाचून दाव गो. आमचा वकील नुस्त्या तारखा सांगतो."

मी ऐटीत वाचायला घेतलं. कशेडी घाटात ट्रक अडवून ड्रायव्हरला लुटलं. आरोपीने स्वतः दाखवलेल्या जागेवरून, घरामागच्या गोठ्यातल्या पेंढ्याखालून, कोयता काढून दिला. आम्ही पंच समक्ष हजर होतो. त्याखाली तुमची सही. त्याखाली माझी. वय तेवीस, धंदा शिक्षण.

मला खरंच आठवत नव्हतं, मामा. म्हणजे चौकी आठवत होती. तुमच्याबरोबर बाजारात गेले होते, हवालदारांनी तुम्हाला हाक मारली, "गुरुजी, पंच नाय मिळत, या जरा." तुम्ही नेहमीच जायचात. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, शब्दाला वजन, शिवाय कोर्टात फिरत नाही. कागद आधीच लिहून तयार होता. कोयता टेबलावर होता, कागदात गुंडाळलेला. मी कुडपणला आजवर पाऊल ठेवलेलं नाही.

प्रयागबाई सांगत होत्या, "आमच्या घरामागं गोठाच नाय. गुरं इकली त्याला किती वर्सं झाली. ह्या पंच लोकांनी बघलान तरी काय?"

मी कागद मिटून त्यांना परत दिले. म्हटलं, आम्हाला ही केस घेता येणार नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या. त्यांना दारापर्यंत पोचवायलाही मी उठले नाही. हे लिहायला मला तीन पानं फाडावी लागली.

रितेशने ट्रक लुटला की नाही, मला ठाऊक नाही. लुटला असेलही. पण जामीन नाकारल्याच्या दोन्ही हुकमांत कारण एकच आहे: पंचांसमक्ष हत्यार जप्त. फेब्रुवारीत त्याला आत जाऊन दोन वर्षं होतील. त्याला आत ठेवणारी भिंत माझ्या सहीवर उभी आहे, आणि मी वर्तमानपत्रांत कच्च्या कैद्यांच्या बातम्या वाचून हळहळते!

तुम्ही म्हणालात, "सनद मिळून तीन महिने झालेत, त्यावर पाणी सोडणार आहेस का?" मॅडमनीही तेच विचारलं, जरा वेगळ्या आवाजात. खोट्या कागदावर सही केली, असं मी शपथेवर सांगितलं तर सरकारी वकील मला फितूर ठरवतील. बार कौन्सिलकडे तक्रार जाईल कदाचित. मला भीती वाटते, मामा. रोज वाटते. पण परवा मी तिथे खोटं बोलले, तर त्यानंतर कुठल्या तोंडाने कुणाची उलटतपासणी घेऊ?

आणि सगळं तुमच्यावर ढकलून मोकळी होणार नाही. तुम्ही मला सही कर म्हणाला नव्हतात. हवालदार म्हणाले, "ताई वकील होणार, मग सराव नको?" तुम्ही नको म्हणत होतात, "पोरीला कशाला," असं. पेन मीच ओढून घेतलं. मला मोठं झाल्यासारखं वाटलं. न वाचता सही केली, आणि सहीखाली रेघसुद्धा मारली.

तुमच्या सह्या किती कागदांवर आहेत, मला माहीत नाही. मी खरं बोलले की ते सगळे कागद कुणीतरी उघडेल, हेही कळतं. वडील गेल्यावर तुम्ही मला घरात घेतलंत, शिकवलंत. त्याची ही परतफेड, असं मामी म्हणेल. म्हणू दे. तिचं चुकणार नाही.

मंगळवारी मला विचारतील, तुम्हाला चौकीत कोण घेऊन गेलं? मी तुमचं नाव सांगणार आहे. पूर्ण नाव, गावासकट. ते दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं, एवढ्यासाठी हे पत्र धवलदादाच्याच हाती पाठवते आहे.

माझ्यानंतर तुम्हाला पुकारतील. तुम्ही काय सांगावं, हे मी लिहिणार नाही. माझी साक्ष संपलेली असेल, मी मागच्या बाकावर प्रयागबाईंच्या शेजारी बसलेली असेन. तोपर्यंत मी कोण आहे, हे त्यांना कळलेलं असेल. त्या उठून दुसरीकडे बसल्या नाहीत, तर.

तुमचीच भाची,
सरकारी साक्षीदार क्रमांक चार,
वैदेही