डवऱ्यात गेलेलं चाक

मुरबाड, मंगळवार, २१ एप्रिल १९५९

साहेबांना म्हणे जीप चालवता येते! आज ड्रायव्हरला मागे माझ्या शेजारी बसवलं, स्वतः चाक धरलं आणि गाडी काळू नदीच्या कोरड्या पात्रात घातली. कातकरवाडीतून पाण्याची तक्रार आली होती, तिची पाहणी करायला. वाळूत एक म्हातारी आडवी आली. "सायेब, हिकडून नका आणू, आमचा डवरा हाय." वाळूत खणलेला हातभर खड्डा, अख्ख्या वाडीला प्यायला तेवढंच पाणी.

साहेब हसले. "आजी, हिची चारही चाकं ओढतात."

चारही रुतली. पुढचं डावं तर नेमकं डवऱ्यात. टायरमधली थोडी हवा सोडू, असं ड्रायव्हर म्हणाला, तर त्यालाच झापलं. शेवटी वाडीतल्या बायांनी चाकांखाली पेंढा घातला आणि गाडी ढकलून काढली. साहेब उतरलेसुद्धा नाहीत. बुटांत वाळू जाते ना!

म्हातारी पुन्हा खणायला बसली. वर येणाऱ्या पाण्यावर ग्रीसचा तवंग.

कचेरीत साहेबांनी अहवाल सांगितला, "पाणी आहे. स्वतः पाहिलं." गाढव माणूस!

आणि तो अहवाल सुवाच्य अक्षरात लिहून घेतला मी. घरी येऊन बूट झटकले. माझ्याही बुटांतून वाळूचा कण पडला नाही.