दिवाणात लपवलेलं मशीन

इंद्रपुरी, भोपाळ
रविवार, दुपार

प्रिय बाबा,

बसवत नाहीये, म्हणून लिहायला बसले. हे वाचून तुम्ही हसला असतात. पण खरंच सांगते, मघापासून ओटा दोनदा पुसला, वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आणले आणि परत नेऊन घातले. काही सुचत नाहीये. दोन्ही मनगटं अजून झिणझिणताहेत, कारण आज तुमच्या गाडीला मी पॉलिश केलं. हो, मी! तुमच्या मशीनने.

तुम्ही गेल्यापासून आठ महिने गाडी पोर्चमध्ये नुसती उभी आहे. काल आई म्हणाली, "मला नीट दिसत नाही, तरी तिच्यावरची धूळ दिसते गं." मग राहवलं नाही.

कितीदा पाहिलं होतं तुम्हाला ते करताना! बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये असताना तुमच्याकडे फक्त सायकल होती. कारखान्यात दिवसभर लोखंड घासून चकचकीत करायचं आणि घरी येऊन सायकलची रिमही तशीच घासायची. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी ही जुनी निळी गाडी घेतलीत, आणि पाठोपाठ मशीनही आणलंत. आई चिडली होती, आठवतं? "लोक गाडी चालवायला घेतात, तुम्ही घासायला घेतलीत!"

मला शिकवायला मात्र तुम्ही कधी कंटाळला नाहीत. गाडी आधी धुऊन, पुसून सावलीत घ्यायची. पॅडवर पॉलिशचे चार ठिपके, जास्त नाही. पॅड पत्र्यावर टेकवून मगच बटण दाबायचं, नाहीतर सगळं तोंडावर उडतं. वायर खांद्यावरून पाठीमागे. आणि एका जागी थांबायचं नाही, कडेला तर मुळीच नाही. मी "हो, हो" म्हणत पुस्तक वाचत बसायचे. कान देऊन ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

आणि मग ती दिवाळीच्या आधीची सकाळ. तुमचा उजवा हात तेव्हा कापायला लागला होता, आपण तिघंही ते न दिसल्यासारखं वागत होतो. बॉनेटच्या कडेला मशीन उसळलं, वायरमध्ये पाय अडकला, तुम्ही खांबावर आपटलात. मी धावत येऊन प्लग उपसला. बॉनेटवर रुपयाएवढा रंग जळाला होता. तुम्ही म्हणालात, "काही नाही झालं. कापड दे."

मी कापड दिलं आणि त्याच दुपारी मशीन दिवाणात, रजयांच्या खाली कोंबून टाकलं. पॅडवरचं पॉलिशही पुसलं नाही.

"मंजू, मशीन कुठंय?"

"दुरुस्तीला दिलंय, बाबा. कारागीर गावाला गेलाय."

तीनदा विचारलंत. तीनदा तेच सांगितलं. मग विचारणं बंद केलंत आणि मला वाटलं, चला, विसरले! किती हायसं वाटलं होतं मला, काय सांगू!

आज सकाळी दिवाण उघडला. रजया बाजूला केल्या आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. मशीन जुन्या चादरीत नीट गुंडाळलेलं. वायरची अगदी गोल गुंडाळी. आणि पॅड धुतलेला, लोकर विंचरल्यासारखी मऊ. मी असं ठेवलं नव्हतं, बाबा.

आई गॅलरीत मटार सोलत होती. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "अगं, थंडीत रजई काढायला तूच सांगितलं होतंस ना त्यांना? त्याच दिवशी सापडलं."

"मग मला का नाही बोलले?"

"तू शाळेत शिकवायला गेलीस की दुपारी काढायचे. प्लग न लावताच गाडीवरून फिरवायचे, पुसायचे, परत ठेवायचे. मी एकदा म्हटलंही, बोला तिच्याशी. तर म्हणाले, 'तुमचा हात कापतो, आता नको' असं ती तोंडावर म्हणाली असती तर मीच तिच्या हातात दिलं असतं मशीन."

बाहेर येऊन गाडी धुतली आणि मशीन लावलं. शेजारचे दुबेजी फाटकातून ओरडत होते, "बिटिया, एक जगह मत रोकना, पेंट जल जाएगा!" मी रडतेय हे त्यांना दिसलं असावं, कारण थोड्या वेळाने ते मुकाट्याने आत गेले. काम अगदी काही तुमच्यासारखं झालं नाही. डाव्या दारावर गोल गोल वळ राहिलेत. तुम्ही उन्हात तिरकं वाकून पाहिलं असतंत आणि पुन्हा करायला लावलं असतंत.

पण बाबा, तुम्हीही गप्पच राहिलात ना? एकदा रागवायचं होतंत. "खोटारडी" म्हणायचं होतंत. बंद मशीन फिरवत राहिलात मी येईपर्यंत, आणि मी आले की पेपर वाचत बसायचात! इतकं सांभाळून घ्यायला मी काही लहान होते का?

खरी तगमग मात्र याची नाही. हात धुऊन आत आले तेव्हा आई म्हणाली, "आणि माझ्या डोळ्याचं काय म्हणाला गं डॉक्टर? परवा मला बाहेर बसवून तुझ्याशीच बोलला."

परवाच मी तिला सांगून टाकलं होतं, "सगळं ठीक आहे, थेंब घालायचेत." आज पुन्हा तोंडातून तेच निघालं. तीही पुढे काही बोलली नाही. तुमच्यासारखीच गप्प झाली, बाबा! तेव्हापासून घरभर फिरते आहे.

म्हणून हे कागदावर तुमच्यासमोर कबूल करते. आता पेन खाली ठेवलं की आईजवळ जाऊन बसणार आहे. उजव्या डोळ्याची नजर परत यायची नाही आणि डावा जपायचा आहे, हे डॉक्टर जसं म्हणाले तसंच तिला सांगणार आहे. ती चिडली तर ऐकून घेईन. रडली तर रडू देईन, आणि तिच्याजवळून उठणार नाही. वचन देते.

तुमची,
मंजू