एक तार जोडायला नकार

बर्कली, ऑक्टोबर १९७३

प्रिय हेस्टर,

हे पत्र टपालाने न पाठवता विनिफ्रेडच्या हाती देतोय, यावरूनच तुला काय ते कळेल. विनिफ्रेड म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्डच्या दुकानाची मालकीण, जिने माझी पेटी दारापाशी ठेवू दिली. पेटीत टाइप करायचं यंत्र आहे, ते टेलिफोनच्या तारेने शहरापलीकडच्या मोठ्या संगणकाला जोडलंय. कुणीही यावं, हवं ते लिहावं, दुसऱ्याचं वाचावं. नाव विचारायचं नाही, हा माझा हट्ट. कुणी गिटारवाला शोधतं, कुणी हरवलेलं मांजर. यंत्र फार खडखडतं म्हणून मी आत जुनी रजई कोंबलीय. विनिफ्रेड म्हणते, "सायलस, तुझ्या लाडकीला थंडी वाजते का रे?"

सोमवारी कोट घातलेले दोघं आले. सरकारी. थोरला अगदी गोड बोलत होता. सैन्यातून पळालेल्या पोरांना कुणीतरी या पेटीवरून आसरा शोधून देतंय, म्हणाला. "तो टाइप करायला बसला की आम्हाला कळलं पाहिजे, बस्स. तुमच्यासारख्याला आमच्या कचेरीपर्यंत एक तार जोडणं म्हणजे काय!" खरंच, काहीच नाही. दुपारभराचं काम. मी विचार करून सांगतो म्हटलं.

अशाच सरकारी चौकशीत बाबांची गोदीतली नोकरी गेली तेव्हा आई दिवसाउजेडी पडदे ओढून बसायची, आठवतं? मी तेव्हा लहान होतो, मला तो खेळ वाटायचा. आता मीच खिडकीपाशी उभा राहत नाही. फोन उचलला की तारेवर आणखी कुणी आहे का, ते आधी कान देऊन ऐकतो.

शुक्रवारी ते परत आले. नाही जोडणार, म्हटलं. आवाज चिरकला माझा. थोरला रागावला नाही. टोपी घालता घालता म्हणाला, "तुमची बहीण फ्रेस्नोच्या सरकारी शाळेत शिकवते ना? मुलं फार जीव लावतात म्हणे तिला." विनिफ्रेडने रेकॉर्ड पुसायचं थांबवलं. तो दारात थांबून वाट पाहत होता. मी पुन्हा नाही म्हटलं.

यासाठीच लिहितोय. पहिला नकार माझा होता. दुसरा मी तुझी नोकरी पणाला लावून दिला, तुला न विचारता. ते शाळेत येतील. माझ्याविषयी विचारलं तर सगळं सांग, लपवण्यासारखं काही नाही. पण ते तेवढ्यावर थांबणार नाहीत. तुझ्याकडेही काहीतरी मागतील, अगदी छोटंसं, गोड बोलून. तू काय म्हणावंस ते मी सांगणार नाही. तू हो म्हणालीस तरी मी तुझा भाऊच राहीन. फक्त ते आले की एकटी बसू नकोस, माझ्याकडे निघून ये. मला फार भीती वाटतेय, हेस्टर.

तुझाच,
सायलस